फ्यूजवरील दोन आंकडे

(नभोवाणीवरील भाषण)

मोटारगाडी, घरचा इन्व्हर्टर, बॅटरी भरण्याचें यंत्र किंवा रेडिओचा संच, यांपैकीं कशांतहि पाहिलें तरी एखादी कांचेची लहान नळी किंवा रंगीत प्लॅस्टिकची चपटी टिकली बसविलेली आढळते. हा फ्यूज होय. तो हातांत घेऊन निरखला, तर त्यावर दोन आंकडे कोरलेले दिसतात. एक अँपियरचा आणि दुसरा व्होल्टचा. फ्यूज उडाला म्हणजे आपण दुकानांत जातों आणि 'दहा अँपियरचा द्या' एवढेंच म्हणतों. दुसरा आंकडा दुकानदार विचारीत नाहीं आणि आपणहि सांगत नाहीं. बहुतेक वेळां यांत कांहीं बिघडत नाहीं. परंतु ज्या थोड्या वेळां बिघडतें, त्या वेळीं घराला आग लागण्यापर्यंत मजल जाते. म्हणून हे दोन आंकडे काय सांगतात, आणि विशेषतः १२, २४ किंवा ४८ व्होल्टांच्या अल्प दाबाच्या मंडलांत त्यांचा अर्थ कसा लावावा, याचा आज थोडा विचार करूं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'बारा व्होल्ट म्हणजे काय, हात लावला तरी झिणझिण्या येत नाहींत. तेथें फ्यूज कशाला हवा?' असें पुष्कळ सुशिक्षित माणसेंहि म्हणतात. धक्क्यापुरतें पाहिलें तर हें म्हणणें खरें आहे. कोरड्या त्वचेंतून १२ व्होल्टांचा दाब जाणवण्याजोगा प्रवाह लोटूं शकत नाहीं. पण धक्का निराळा आणि आग निराळी. धक्का आपल्या शरीरांतून जाणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असतो. आग तारेंतून जाणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असते. आणि दाब जितका कमी, तितका त्याच कामाला प्रवाह अधिक लागतो.

साधें गणित करून पाहूं. ६० वॅटचा दिवा २३० व्होल्टांवर लाविला, तर तो सुमारें पाव अँपियर प्रवाह घेतो. तितकाच प्रकाश देणारा ६० वॅटचा दिवा १२ व्होल्टांच्या बॅटरीवर लाविला, तर त्याला ५ अँपियर लागतात. म्हणजे जवळजवळ वीसपट. घरांतील इन्व्हर्टर ६०० वॅटचें काम करीत असेल, तर त्याच्या १२ व्होल्टांच्या बॅटरीकडून ५० अँपियर, आणि यंत्रांतील घट धरली तर सुमारें ६० अँपियर ओढले जातात. एवढा प्रवाह आपल्या दिवाणखान्यांतील कोणत्याहि तारेंतून कधीं जात नाहीं. बॅटरीच्या तारा बोटाएवढ्या जाड असतात त्याचें कारण हेंच.

आतां तारेंतून प्रवाह गेला कीं उष्णता उत्पन्न होते, हें आपण शाळेंत शिकलेलों आहों. जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं दाखवून दिलें कीं ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. म्हणून तारेवरचा भार थोडासा वाढला असें आपल्याला वाटतें, त्या वेळीं तिच्यावरील आवरणाला तो थोडा वाटत नाहीं. तें प्रथम मऊ होतें, नंतर काळें पडतें, आणि शेवटीं पेट घेतें.

या उष्णतेचाच उपयोग रक्षणासाठीं करून घ्यावा, ही कल्पना फार जुनी आहे. ब्रेगे नांवाच्या फ्रेंच यंत्रज्ञानें १८४७ सालीं असें सुचविलें कीं तारायंत्राच्या ठाण्यांत शिरणाऱ्या तारेचा कांहीं भाग मुद्दाम बारीक ठेवावा. आकाशांतील वीज तारेंतून आली तर तो बारीक भाग जळून जाईल आणि आंतील यंत्रें वांचतील. पुढें एडिसननें आपल्या दिव्यांच्या योजनेंत अशाच सुरक्षित तारेचा समावेश केला व तिचें पेटंट त्याला १८८० सालीं मिळालें. आजचा फ्यूज त्याच कुळांतला आहे. साखळींतील एक कडी जाणूनबुजून कमजोर ठेवावयाची, म्हणजे ताण आला असतां तीच तुटेल आणि कोठें तुटणार तें आपल्याला आधीं ठाऊक असेल, एवढेंच त्याचें तत्त्व.

आतां पहिला आंकडा घेऊं, अँपियरचा. १० अँपियरचा फ्यूज म्हणजे प्रवाह १० अँपियरच्या पुढें रेसभर गेला कीं तात्काळ वितळणारा फ्यूज, अशी समजूत असते. ती बरोबर नाहीं. फ्यूज हा तराजू नव्हे; तो चुलीवर ठेवलेल्या भांड्यासारखा आहे. त्याला तापावयास वेळ लागतो, आणि आंच जितकी अधिक तितका तो वेळ कमी. मोटारगाडींतील चपट्या फ्यूजचें उदाहरण घ्या. या फ्यूजना रंगांवरून ओळखतात. १० अँपियरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. लाल फ्यूजमधून ११ अँपियर प्रवाह गेला, तर तो शंभर तासहि टिकला पाहिजे असा नियम आहे. साडेतेरा अँपियर गेले तर तो जास्तींत जास्त दहा मिनिटांत वितळला पाहिजे, आणि २० अँपियर गेले तर पांच सेकंदांच्या आंत.

कांचेच्या नळीच्या फ्यूजमध्यें तर एकच आंकडा दोन पद्धतींत दोन अर्थांनीं लिहितात. युरोपांतून आलेल्या व आपल्याकडे प्रचलित असलेल्या २० मिलिमीटर लांबीच्या नळीला, तिच्यावरील आंकड्याच्या दीडपट प्रवाह निदान एक तास सहन करावा लागतो. अमेरिकन पद्धतीची नळी १३५ टक्के प्रवाहालाच एका तासाच्या आंत वितळली पाहिजे. म्हणून उपकरणाबरोबर आलेल्या पुस्तिकेंत ज्या प्रकारचा फ्यूज सांगितला असेल, त्याच प्रकारचा बसवावा. नुसता आंकडा जुळला म्हणजे काम झालें असें समजूं नये.

अँपियरच्या आंकड्याजवळ पुष्कळदां एक रोमन अक्षर असतें. 'एफ' असेल तर फ्यूज शीघ्र वितळणारा. 'टी' असेल तर थोडा दम धरणारा. मोटर सुरू होतांना किंवा ट्रान्सफॉर्मर जोडतांना क्षणभर नेहमींच्या कितीतरी पट प्रवाह धांवतो व लगेच ओसरतो. अशा ठिकाणीं शीघ्र फ्यूज घातला तर तो दररोज विनाकारण उडेल. आणि मग चिडून आपण मोठा फ्यूज घालूं, हा त्यांतला खरा धोका. तेथें मोठा फ्यूज नको, दम धरणारा फ्यूज हवा.

मग किती अँपियरचा फ्यूज निवडावा? येथें एक सूत्र लक्षांत ठेवावें: फ्यूज हा मुख्यतः तारेचा रक्षक आहे, दिव्याचा नव्हे. म्हणून फ्यूजचा आंकडा नेहमींच्या भारापेक्षां अधिक, पण तारेच्या सहनशक्तीपेक्षां कमी असला पाहिजे. समजा, गाडीला ५५ वॅटचे दोन जादा दिवे बसवावयाचे आहेत. ११० वॅटला १२ नें भागिलें म्हणजे सुमारें ९.२ अँपियर. सतत चालणारा भार फ्यूजच्या आंकड्याच्या तीन चतुर्थांशांहून अधिक असूं नये, असा जाणत्यांचा प्रघात आहे. कारण गरम जागेंत फ्यूज लवकर थकतो. ९.२ ला पाऊणनें भागिलें म्हणजे सुमारें १२.३ येतात, तेव्हां १५ अँपियरचा फ्यूज घ्यावा. आतां तारेकडे वळावें. ती १५ अँपियर बिनधोक नेणारी असेल तर प्रश्न मिटला. ती १० अँपियरचीच असेल, तर फ्यूज लहान करून भागणार नाहीं आणि मोठा करून तर मुळींच भागणार नाहीं. तारच बदलली पाहिजे. १० अँपियरच्या तारेवर ३० अँपियरचा फ्यूज बसविणें म्हणजे तारेलाच फ्यूज करून ठेवणें होय. आणि ती तार गालिच्याखालून किंवा लांकडी फळीमागून गेलेली असते.

आतां दुसऱ्या आंकड्याकडे येऊं, कारण गोंधळ खरा तेथें आहे. समजा, आपल्या १२ व्होल्टांच्या मंडलाला २ अँपियरचा फ्यूज हवा आहे आणि दुकानांत जो मिळतो त्यावर '२ अँपियर, २५० व्होल्ट' असें लिहिलें आहे. तो चालेल काय? पुष्कळ लोक असा हिशेब मांडतात कीं २५० गुणिले २ म्हणजे हा ५०० वॅटचा फ्यूज झाला. मग १२ व्होल्टांवर तो चाळीसहून अधिक अँपियर जाऊं देईल आणि सर्व कांहीं जळेपर्यंत तसाच राहील. हा हिशेब दिसावयास शास्त्रीय आहे, पण समूळ चुकीचा आहे.

तो चुकीचा कां, तें पाहा. फ्यूजच्या दोन टोकांमध्यें बॅटरीचा सगळा दाब पडतच नाहीं. तो पडतो दिव्यावर. फ्यूज शाबूत असतांना त्याच्या बारीक तारेवर फारच थोडा दाब खर्च होतो. गाडींतील १० अँपियरच्या फ्यूजमध्यें, पूर्ण १० अँपियर वाहत असतां, तो सुमारें एक दशांश व्होल्ट असतो. मंडल १२ व्होल्टांचें असो कीं २३० व्होल्टांचें असो, फ्यूजला त्याची जाणीव नसते. त्याला कळतो तो फक्त प्रवाह; कारण त्याला तापवितो तो प्रवाहच. म्हणून २ अँपियरचा फ्यूज १२ व्होल्टांवरहि २ अँपियरचाच असतो आणि २३० व्होल्टांवरहि २ अँपियरचाच असतो.

मग व्होल्टचा आंकडा लिहिलाच कशाला? तो आहे फ्यूज वितळल्यानंतरच्या क्षणासाठीं. तार वितळली कीं तिच्या जागीं फट पडते, आणि जो दाब आतांपर्यंत दिव्यावर होता तो सगळा त्या फटीवर येऊन पडतो. तार तुटली म्हणजे प्रवाह लागलाच थांबला असें होत नाहीं. त्या लहानशा फटींत धातूची वाफ असते, आणि त्या वाफेंतून प्रवाह ज्योतीच्या रूपानें वाहत राहूं पाहतो. वेल्डिंग करणाऱ्या कारागिराच्या हातांत जो झगझगीत प्रकाश आपण पाहतों, त्याच जातीची ही ज्योत. ती विझली तर फ्यूजनें काम केलें. ती विझली नाहीं तर फ्यूज वितळूनहि प्रवाह चालूच राहतो, नळी फुटते, आणि रक्षकच आग लावतो. फ्यूजवरील व्होल्टचा आंकडा म्हणजे इतक्या दाबापर्यंत ही ज्योत मी निश्चित विझवीन, असें निर्मात्यानें दिलेलें वचन आहे. हा आंकडा अधिकांत अधिक मर्यादेचा आहे. तेवढा दाब असलाच पाहिजे असा नाहीं.

यावरून नियम आपोआप निघतो. फ्यूजचा व्होल्टचा आंकडा मंडलाच्या दाबाइतका किंवा त्याहून अधिक असावा. कमी कधींहि नसावा. २५० व्होल्टांचा फ्यूज १२ व्होल्टांवर खुशाल घालावा. परंतु गाडींतील चपट्या फ्यूजवर बहुधा ३२ व्होल्ट हा आंकडा असतो. तो २३० व्होल्टांवर किंवा ४८ व्होल्टांच्या बॅटरीवर घालणें म्हणजे वचन न दिलेल्या माणसावर भरंवसा ठेवणें होय. त्याच आकाराचे ५८ व्होल्टांचेहि फ्यूज मिळतात, आणि खांचेंत दोन्ही सारखेच बसतात. म्हणून बसला म्हणजे चालला, असें मानूं नये.

१२ व्होल्ट आणि ४८ व्होल्ट यांत एवढा भेद कां, असें कोणी विचारील. तांब्याच्या किंवा रुप्याच्या दोन टोकांमध्यें अशी ज्योत तगून राहण्यास साधारण १२ ते १३ व्होल्ट तरी लागतात. म्हणून १२ व्होल्टांच्या मंडलांत ती पेटली तरी फट थोडी रुंदावतांच मरते. ४८ व्होल्टांना तशी अडचण नाहीं. ते तिला पोसूं शकतात. विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या बॅटऱ्या पुष्कळदां ४८, ६० किंवा ७२ व्होल्टांच्या असतात. त्यांत मोटारींतील ३२ व्होल्टांचा फ्यूज बसवून वेळ मारून नेणें फार धोक्याचें आहे.

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. घरांतील वीज उलटसुलट वाहणारी आहे. सेकंदाला तिचीं ५० आवर्तनें होतात, आणि प्रत्येक आवर्तनांत दोनदां, म्हणजे सेकंदाला शंभर वेळां, प्रवाह शून्यावर येतो. त्या क्षणीं ज्योतीला आपोआप उपवास घडतो व ती विझावयास मदत होते. बॅटरीचा व सूर्यपट्टीचा प्रवाह एकाच दिशेनें सतत वाहतो. तो शून्यावर येत नाहीं, आणि ज्योत विझविण्याचें सगळें काम एकट्या फ्यूजवर पडतें. म्हणून '२५० व्होल्ट, उलटसुलट' एवढेंच लिहिलेला फ्यूज २५० व्होल्टांच्या एकदिश प्रवाहाला चालेल असें धरतां येत नाहीं. एकदिश प्रवाहाचा आंकडा निराळा पाहावा. तो बहुधा पुष्कळ कमी असतो. छपरावरील सूर्यपट्ट्या एकापुढें एक जोडल्या म्हणजे त्यांचा एकत्रित दाब कित्येक शें व्होल्टांवर जातो. त्यांच्यासाठीं १००० व्होल्ट एकदिश प्रवाहाचे, आंत वाळू भरलेले खास फ्यूज करतात. ती वाळू ज्योतीची उष्णता शोषून घेते व तिच्या वाटेंत वितळून घट्ट होते.

दोन आंकड्यांच्या पाठीमागें एक तिसराहि असतो, आणि बॅटरीच्या बाबतींत तो विसरून चालत नाहीं. फ्यूज एका वेळीं किती मोठा प्रवाह तोडूं शकतो, हा तो आंकडा. इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीचा आंतील रोध एका ओहमच्या शंभराव्या भागाहूनहि कमी असतो. तिचीं दोन टोकें चुकून जोडलीं गेलीं, तर १२ भागिले एक शतांश, म्हणजे १२०० अँपियर किंवा त्याहून अधिक प्रवाह उसळूं शकतो. कांचेच्या साध्या नळीवर 'एल' हें अक्षर असेल, तर तिची तोडण्याची शक्ति केवळ ३५ अँपियर, किंवा तिच्या आंकड्याच्या दहापट, यांपैकीं जी अधिक असेल तेवढीच असते. 'एच' अक्षराच्या, बहुधा वाळू भरलेल्या, चिनी मातीच्या नळीची ती १५०० अँपियरपर्यंत असते. पण हे आंकडेहि उलटसुलट प्रवाहाच्या कसोटीचे आहेत. म्हणून मोठ्या बॅटरीच्या तोंडाशीं कांचेची नळी नको. तिच्यासाठीं बोल्टानें आवळून बसविण्याचे जाड फ्यूज मिळतात, तेच लावावेत.

फ्यूज कोणत्या आंकड्याचा, याइतकेंच तो कोठें, हेंहि महत्त्वाचें आहे. फ्यूजच्या अलीकडील तारेला फ्यूजचें रक्षण मुळींच नसतें. बॅटरीपासून चार हात तार नेऊन मग दिव्याजवळ फ्यूज बसविला, तर त्या चार हातांत कोठेंहि पत्र्याच्या कडेवर आवरण घासून गेलें, तरी फ्यूज स्वस्थ बसून पाहत राहील. म्हणून त्याची जागा बॅटरीच्या धन टोंकाला शक्य तितकी लगत असावी.

फ्यूज उडतो तेव्हां आपली चिडचिड होते, आणि वितळलेल्या तारेच्या जागीं सिगारेटच्या पाकिटांतील चांदी, एखादी टांचणी किंवा जाड तांब्याची तार घालण्याचा मोह होतो. जुन्या घरांत चिनी मातीच्या फ्यूजमध्यें असें सर्रास चाले, आणि तीच खोड आतां बॅटऱ्यांपर्यंत आली आहे. उडालेला फ्यूज हा बिघाड नव्हे. तो बिघाडाची वर्दी देणारा निरोप्या आहे. निरोप्याला हांकून दिल्यानें बातमी खोटी ठरत नाहीं. प्रथम भार काढून घ्यावा, तारा तपासाव्या, आवरण कोठें घासलें आहे तें पाहावें, आणि मग त्याच आंकड्यांचा व त्याच प्रकारचा नवा फ्यूज बसवावा. तो पुन्हां उडाला तर तिसरा बसवूं नये. जाणत्या कारागिराला बोलवावें.

आणखी एक इशारा. फ्यूज तारेचा रक्षक आहे, माणसाचा नव्हे. २३० व्होल्टांवर माणसाच्या शरीरांतून एका अँपियरच्या विसाव्या भागाइतका प्रवाह गेला तरी प्राण जाऊं शकतो, आणि तेवढ्यानें कोणताहि घरगुती फ्यूज तापतसुद्धां नाहीं. त्या रक्षणासाठीं जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारें निराळें उपकरण असतें. त्याची उणीव फ्यूज भरून काढीत नाहीं.

तेव्हां, श्रोतेहो, पुढच्या वेळीं फ्यूज आणावयास जाल तेव्हां जुना फ्यूज खिशांत घालून न्या आणि त्यावरचे दोन्ही आंकडे वाचा. अँपियरचा आंकडा सांगतो, मी केव्हां वितळेन. तो तारेशीं जुळवावा. व्होल्टचा आंकडा सांगतो, वितळल्यावर मी कोठपर्यंत ज्योत विझवीन. तो मंडलाच्या दाबाहून कमी नसावा, आणि बॅटरीचें काम असेल तर एकदिश प्रवाहाचा म्हणूनच वाचावा. घरांत मुलें असतील तर त्यांनाहि तो फ्यूज दाखवा. कांचेंतील ती केसासारखी तार आणि तिच्या टोपणावरील दोन आंकडे यांत पदार्थविज्ञानाचे दोन पाठ सांठविलेले आहेत, आणि परीक्षेनंतरहि उपयोगीं पडतील असे ते आहेत.